आकड्याला सुई टोचू नका

‘एएसओ पॉझिटिव्ह आलाय. हृदयाला धोका आहे. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागेल, पोरगं अठरा वर्षांचं होईपर्यंत.’ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असंख्य आईबापांच्या कानावर हे निदान पडते, आणि बुलढाणा जिल्ह्यातले अमडापूर त्याला अपवाद नाही. घसा धरला, ताप आला, पुढे कधीतरी पाय दुखतात म्हणून पोर रडले, की रक्त काढायचे. रिपोर्टवर दोनशेच्या वर आकडा दिसला, की पेनिसिलीन सुरू करायचे. घशात टॉर्च पडलेला नसतो, छातीला स्टेथोस्कोप नीट लागलेला नसतो, सांधा सुजला होता की नुसता दुखत होता हे कुणी विचारलेले नसते. कागद आला, निदान झाले.

ही पद्धत चुकीची आहे आणि ती थांबली पाहिजे. एएसओ ही चाचणी आज दुखणाऱ्या घशाचे निदान करत नाही. एकट्या तिच्या जोरावर ऱ्हुमॅटिक फीवरचे, म्हणजे संधिज्वराचे, निदानही होत नाही. तिच्या आकड्यावर उपचार करत बसल्यामुळे निरोगी मुलांना वर्षानुवर्षे सुया टोचल्या जातात, आणि ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा खरोखर बिघडत असतात ती नजरेतून सुटतात. या पद्धतीची बाजू घेणारे डॉक्टर आणि पालक काही दुष्ट हेतूने बोलत नाहीत. म्हणूनच त्यांचे मुद्दे बाजूला न सारता एकेक करून त्यांना उत्तर द्यायला हवे.

आधी चाचणी काय मोजते ते पाहू. घसादुखीचे बहुतेक प्रसंग विषाणूंमुळे येतात. शाळकरी वयात दर तीन-चार घसादुखींमागे एखादी ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस’ या जिवाणूची असते. हा जिवाणू स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचे विष सोडतो आणि शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तातली ती प्रतिपिंडे मोजण्याची रीत ई. डब्ल्यू. टॉड यांनी १९३२ साली मांडली. तीच ही अँटी-स्ट्रेप्टोलायसिन-ओ, म्हणजे एएसओ. संसर्गानंतर साधारण आठवड्याने प्रतिपिंडे वाढू लागतात, तीन ते पाच आठवड्यांत सर्वांत वर जातात आणि उतरायला त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणजे घसा दुखायला लागून दोन दिवस झाले असताना रक्त काढले, तर या संसर्गाची प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात. आकडा वाढलेला असेल तर तो मागच्या कुठल्या तरी संसर्गाचा. सकाळी मक्यात रानडुकराच्या खुरांचे ठसे दिसले तर डुक्कर येऊन गेले एवढे कळते. ते आता शेतात उभे आहे, असे त्यावरून कुणी शेतकरी म्हणत नाही.

पहिला मुद्दा असा मांडला जातो: ‘डॉक्टरचा अंदाज चुकेल, रक्ताचा आकडा चुकत नाही.’

हा आकडा कसा तयार होतो ते लॅबमध्ये उभे राहून एकदा पाहावे. छोट्या लॅबमध्ये ही चाचणी बहुधा लॅटेक्सच्या पद्धतीने होते. काळ्या स्लाइडवर सीरमचा एक थेंब टाकतात, त्याशेजारी दुधट लॅटेक्सचा एक थेंब. प्लॅस्टिकच्या काडीने दोन्ही एकत्र कालवतात आणि स्लाइड हातात धरून दोन मिनिटे हळूहळू डोलवतात. दुधट थेंब फाटून बारीक दाणे धरले की पॉझिटिव्ह. दोन मिनिटांनी बघायचे ते फोन आला म्हणून पाच मिनिटांनी बघितले, तर थेंब कडेने सुकायला लागतो आणि दाणे नसताना दाणे दिसतात. सीरममध्ये चरबी जास्त असली तरी फसगत होते. मग आकडा काढण्यासाठी सीरम दुपटीने पातळ करत जातात, म्हणून रिपोर्टवर २००, ४००, ८०० अशाच पायऱ्या येतात. एका पायरीचा फरक या पद्धतीत चुकीच्या कक्षेतच मोडतो. ‘मागच्या वेळी दोनशे होता, आता चारशे झाला’ हे ऐकून आईचा जीव खालीवर होतो, पण त्या दोन आकड्यांत खरा फरक असेलच असे नाही. मोठ्या लॅबमधली यंत्रे याहून नेमके मोजतात. तरीही पुढचा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न म्हणजे दोनशेच का? शाळकरी मुलांना स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग वरचेवर होतो, त्यामुळे त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे मुळातच जास्त असतात. जगभरच्या अभ्यासकांनी ‘नॉर्मलची वरची मर्यादा’ ठरवताना जी रीत धरली आहे ती अशी: निरोगी मुलांपैकी शंभरातली ऐंशी ज्या आकड्याच्या खाली असतात, तो आकडा मर्यादा मानायचा. म्हणजे मर्यादा बरोबर ठरवली तरी पाच निरोगी मुलांतले एक तिच्या वर असणारच. फिजी बेटांवरच्या मुलांची अशी पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे पाच ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा २७६ निघाली. आपल्याकडचा छापील रिपोर्ट मात्र चार वर्षांच्या मुलाला, दहा वर्षांच्या मुलीला आणि साठीच्या आजोबांना एकच मोजपट्टी लावतो, दोनशे. अमडापूरच्या एखाद्या वर्गातल्या सगळ्या ठणठणीत मुलांचे रक्त तपासले तर कित्येकांचे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतील. त्या सगळ्यांना पेनिसिलीन टोचायचे का?

दुसरा मुद्दा: ‘आकडा वाढलेला आहे, म्हणजे जंतू अजून अंगात आहे. आकडा खाली येईपर्यंत औषध चालू ठेवलं पाहिजे.’

हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. पेनिसिलीन जिवाणू मारते. रक्तात आधीच तयार झालेली प्रतिपिंडे ते खाली आणत नाही. ती आपल्या गतीने, महिन्यामहिन्यांनी उतरतात, आणि मध्ये पुन्हा एखादा संसर्ग झाला तर पुन्हा चढतात. दर दोन महिन्यांनी एएसओ तपासून ‘औषध लागू पडतंय का’ हे पाहण्यात पालकांचे पैसे तेवढे जातात. ज्या मुलाला खरोखर संधिज्वर झाला आहे, त्याचे इंजेक्शन एएसओ नॉर्मल आला म्हणून थांबवायचे नसते. आणि ज्याला झालेलाच नाही, त्याचे एएसओ वाढला म्हणून सुरू करायचे नसते. दोन्ही बाजूंनी हा आकडा निर्णयाच्या कामाचा नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे: ‘समजा आम्ही इंजेक्शन दिलं नाही आणि पोराचं हृदय गेलं तर? दिलं तर नुकसान काय? सावधगिरी बरी.’

यामागची भीती खोटी नाही. संधिज्वर हा आपल्या देशातला खरा, जिवंत आजार आहे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो येतो, पाच ते पंधरा या वयात सर्वांत जास्त. जिवाणूवर तुटून पडलेली शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे पुढे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा तशा होतीलच असे नसते. हरियाणात बल्लभगड भागात डॉ. अनिता सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांवर शाळकरी मुले तपासली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत नुसत्या स्टेथोस्कोपने हजारी एकाहूनही कमी मुलांत झडपांचा आजार कळला, आणि इकोकार्डिओग्राफीने (‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) हजारी वीस मुलांत. म्हणजे आजार आहे आणि तो लपून राहतो. काळजी करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ती काळजी चुकीच्या जागी खर्च होते, एवढेच मला सांगायचे आहे.

‘नुकसान काय’ याचा हिशेब मांडू. आठ वर्षांच्या मुलीला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीन सुरू केले आणि अठराव्या वर्षापर्यंत चालवले, तर जवळजवळ पावणेदोनशे इंजेक्शने होतात. हे औषध म्हणजे पाण्यात कालवलेली घट्ट पांढरी पूड. बारीक सुईत अडकते म्हणून जाड सुई लागते, आणि टोचल्यावर कंबर दोन दिवस ठणकते. प्रत्येक वेळी आईची मजुरी बुडते, मुलीची शाळा बुडते. ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया क्वचितच येते, पण येऊ शकते, आणि या धास्तीपोटी अनेक डॉक्टर हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात. मग एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात वणवण होते. याहून मोठे नुकसान कागदावर दिसत नाही. ‘हिच्या हृदयात काहीतरी आहे’ हे वाक्य एकदा घरात शिरले की ती मुलगी खेळातून बाद होते, कबड्डीतून बाद होते, आणि पुढे तिचे लग्न ठरवताना हेच वाक्य कुजबुजीतून तिच्या आधी पाहुण्यांच्या घरी पोहोचते. एका स्लाइडवरच्या दाण्यांसाठी एवढी किंमत?

आणि ज्याला सावधगिरी म्हणतात ती सावधगिरीही नाही. संधिज्वराच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशी ते पंच्याऐंशींचाच एएसओ वाढलेला सापडतो. उरलेल्या पंधरा-वीस जणांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. काही मुलांत हा आजार हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनावर, झटकेदार हालचालींच्या रूपात येतो. वही-पेन हातातून पडते, अक्षर बिघडते, घरचे रागावतात, कुणी बाहेरची बाधा म्हणते. हा प्रकार संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी उद्भवू शकतो आणि तोवर एएसओ खाली आलेला असतो. आकड्यावर विसंबणारा डॉक्टर इथे हमखास चुकतो. अशी सुटलेली मुले पुढे वेगळ्या दाराने परत येतात: बाळंतपणाच्या आधी अचानक दम लागलेली विशी-पंचविशीतली बाई, जिच्या हृदयाची झडप आवळत गेल्याचे पहिल्यांदा तेव्हा कळते.

चौथा मुद्दा ग्रामीण डॉक्टरांचा आहे आणि तो मान देऊन ऐकावा असा आहे: ‘पुस्तकात लिहिलंय घशाचा स्वॅब घ्या, कल्चर करा, रॅपिड टेस्ट करा, इको करा. यातलं आमच्याकडे काय आहे? रक्त तेवढं तपासता येतं. मग तेवढं तरी करू नये का?’

साधने कमी आहेत हे खरे. अमडापूरहून इकोसाठी चिखली ओलांडून बुलढाणा, नाहीतर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची वेळ येते. पण हातात योग्य साधन नाही म्हणून चुकीचे साधन बरोबर ठरत नाही. आणि हातात काहीच नाही हेही खरे नाही.

दुखणारा घसा आला, तर टॉर्च आणि बोटे पुष्कळ सांगतात. ताप आहे, खोकला आणि वाहते नाक नाही, टॉन्सिलवर पांढरा थर आहे, गळ्यापुढच्या गाठी सुजून दुखताहेत, मूल शाळकरी वयाचे आहे, या खुणा जितक्या जास्त जुळतील तितकी स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता वाढते. १९८१ मध्ये सेंटॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खुणांची मोजणी मांडली. नंतर तीत वयाची भर पडली. नाक वाहतंय, डोळे लाल आहेत, आवाज बसलाय, तर बहुधा विषाणू. जिथे रॅपिड टेस्ट नाही आणि संधिज्वराचा धोका आहे, तिथे खुणा जुळल्या तर पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यावे, किंवा बेंझाथिनचे एकच इंजेक्शन. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत हे औषध सुरू झाले तर संधिज्वर टळू शकतो. एएसओ वाढायची वाट पाहत बसलात तर हे नऊ दिवस त्यातच जातात! ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस आजवर पेनिसिलीनला दाद न देणारा झालेला नाही, ही वैद्यकातली दुर्मीळ चांगली बातमी आहे. तरी दर घसादुखीला तीन गोळ्यांचे ॲझिथ्रोमायसिन दिले जाते. त्याला दाद न देणारे स्ट्रेप्टोकॉकस मात्र जगात आहेत.

पाय दुखतात म्हणून मूल आले, तर एक प्रश्न रक्ताहून मोलाचा आहे: सांधा सुजला होता का? ‘रातभर पाय दाबून मांगते, अन् सकाळी पाहा त उड्या मारते’ असे आई सांगते, तेव्हा ते बहुधा वाढत्या वयातले साधे पोटऱ्यांचे दुखणे असते. संधिज्वराचा सांधा वेगळा. गुडघा लाल, गरम, सुजलेला. चादर टेकली तरी मूल किंचाळते. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा धरतो, मग मनगट. ही फिरती सूज आईला आठवतेच, कुणी विचारले तर.

आणखी दोन स्वस्त तपासण्या विसरल्या जातात. घसा किंवा त्वचेवरचे फोड बरे झाल्यावर दोनेक आठवड्यांनी सकाळी डोळ्यांभोवती सूज आली आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर जिवाणूच्या मागोमाग मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. इथे पहिल्यांदा लघवी तपासायची आणि रक्तदाब मोजायचा. मुलाचा रक्तदाब मोजायला लहान पट्टा लागतो. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवा. फोडांमधून आलेल्या या आजारात एएसओ पुष्कळदा वाढतच नाही. तिथे अँटी-डीएनेज-बी ही दुसरी चाचणी उपयोगी ठरते.

काही घशांना तर लॅबचा रस्ता दाखवणेच धोक्याचे. तोंड उघडत नाही, लाळ गळते, एका बाजूचा टॉन्सिल फुगून पडजीभ ढकलली गेली आहे, मान सुजली आहे, श्वासाला आवाज येतो, किंवा घशात राखाडी पापुद्रा आहे जो खरवडला तर रक्त येते: हे घशातले गळू किंवा घटसर्प असू शकतो. त्या मुलाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे. एएसओचा रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणून थांबायचे नाही.

पाचवा मुद्दा सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांचा: ‘सीआरपी वाढलाय, म्हणजे जिवाणूच.’ सीआरपीचा शोध १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत लागला. शरीरात कुठेही दाह पेटला की काही तासांत तो वाढतो. दाह कशाचा, हे तो सांगत नाही. एडिनोव्हायरससारखा साधा विषाणूही मुलांच्या टॉन्सिलवर पांढरा थर आणतो आणि सीआरपी चांगलाच चढवतो. ईएसआर तर नुसत्या रक्तक्षयानेही वाढतो, आणि आपल्या भागात रक्त कमी असलेली मुले किती आहेत हे अंगणवाडीताईंना विचारावे. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. संधिज्वराचा संशय बाकीच्या खुणांनी आला असेल तर त्यांचे वजन पडते, आणि उपचाराने दाह उतरतोय का हे पाहायला सीआरपी उत्तम. पण संशय आधी रुग्णाच्या अंगावरून यावा लागतो.

एएसओलाही तिची जागा आहे, आणि ती जागा १९४४ सालापासून लिहून ठेवलेली आहे. त्या वर्षी डॉ. टी. डकेट जोन्स यांनी संधिज्वराचे निकष मांडले. त्यांची ताजी आवृत्ती २०१५ ची आहे आणि भारतासारख्या जास्त धोक्याच्या प्रदेशांसाठी तीत वेगळी, अधिक सैल मोजपट्टी दिली आहे. हृदयाला सूज, सुजलेले सांधे, अनावर हालचाली, त्वचेवरची विशिष्ट वलये, त्वचेखालच्या गाठी या मोठ्या खुणा. ताप, वाढलेला सीआरपी किंवा ईएसआर, ईसीजीतला बदल यांसारख्या लहान खुणा. दोन मोठ्या, किंवा एक मोठी आणि दोन लहान जुळल्या, तर मग विचारायचे की अलीकडे स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला होता का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एएसओ देते. आपण तिला पहिल्या प्रश्नावर आणून बसवले आहे. निदान असे रीतसर झाले, तर एकवीस दिवसांचे इंजेक्शन चुकवायचे नाही. हृदय वाचले असेल तरी किमान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांतले जे नंतर येईल तोवर. झडपा बिघडल्या असतील तर पंचविशीपर्यंत, चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. अशा मुलाची कंबर दुखली तरी त्याला समजावून इंजेक्शनाला आणणाऱ्या आईची आणि आशाताईची कदर करावी तेवढी थोडी आहे.

मग करायचे काय? लॅबने रिपोर्टवर वयाप्रमाणे मर्यादा छापावी आणि ‘या आकड्यावरून निदान करू नये’ ही एक ओळ घालावी. डॉक्टरांनी एएसओ लिहिण्याआधी केसपेपरवर तीन गोष्टी नोंदवाव्यात: घशात काय दिसले, सांधा सुजला होता का, हृदयात जादा आवाज ऐकू आला का. तिन्ही रकाने रिकामे असतील तर रक्त काढू नये. ज्या मुलांना नुसत्या आकड्यावर इंजेक्शने सुरू आहेत, त्यांची ती परस्पर बंद करू नयेत. त्यांना एकदा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून इको करून घ्यावा आणि मग ठरवावे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत झडपांचा हा आजार नावानिशी आहे, आणि त्याची पथके वर्षातून एकदा शाळांत येतात. पथक आले त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या छातीला शांत खोलीत, शर्ट काढून स्टेथोस्कोप लागला का, हे शाळा व्यवस्थापन समितीने स्वतः उभे राहून पाहावे. अमडापूरच्या बल्लाळदेवीच्या टेकडीवर पूर्वी धावत चढणारे पोर यंदा मध्येच थांबून धापा टाकत असेल, तर ते पथकाची वाट न पाहता डॉक्टरला सांगावे.

आणि आईबापांनी एक हक्क बजावावा. कुणीही ‘एएसओ वाढलाय, इंजेक्शन सुरू करू’ म्हणाले, की विचारावे: ‘डॉक्टर, रिपोर्ट बाजूला ठेवला तर माझ्या पोरात संधिज्वराची कुठली खूण तुम्हाला दिसते?’ उत्तर आले तर इंजेक्शन मुकाट्याने घ्यावे आणि एकही चुकवू नये. उत्तर आले नाही, तर पोराला घेऊन घरी जावे.